पटण्याजोगे खोटे

पुण्यात महाविद्यालयात शिकवत असताना निवेदकाच्या विश्वासार्हतेचा मुद्दा आला की मी दरवर्षी एकच वाक्य उच्चारत असे. निवेदक खोटे बोलतो आहे हे कळते ते त्याच्याच सांगण्यातल्या विसंगतीवरून. बाहेरून कोणी येऊन ते आपल्याला सांगत नाही. वेन बूथने १९६१ साली 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन'मध्ये अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना मांडली, तेव्हापासून ती जगभरच्या वर्गांतून इतकी घोटली गेली आहे की आता परीक्षेत तिच्यावर टीप विचारतात आणि विद्यार्थी ती टीप न अडखळता लिहितात. मीही न अडखळता शिकवत होते. मागच्या हिवाळ्यात माझ्याच घराच्या भिंतीवर असा एक निवेदक सहा-सात आठवडे बसून होता आणि मी त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवला. त्याची ही हकीकत आहे. ती साहित्याची नाही, एका यंत्राची आहे. पण मला ती वाचनाचीच वाटते, म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही स्वीडनमध्ये, उप्साला शहरात राहतो. इथली घरे एकेकाळी मोठ्या प्रमाणावर तेल जाळून गरम केली जात. १९७३च्या तेलसंकटानंतर या देशाने ती सवय हळूहळू सोडली आणि आज साध्या बैठ्या घरांतून सर्रास दिसतो तो हीट पंप. त्याचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजचेच आहे, फक्त दिशा उलटी. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून घरात आणतो. शून्याखाली दहा अंशांच्या हवेत कसली आली उष्णता, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. पण यंत्रातला शीतक द्रव त्याहूनही कमी तापमानाला उकळतो, त्यामुळे ती बोचरी हवाही त्याच्या दृष्टीने गरमच असते. त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती दाबतो, दाबल्याने ती तापते आणि आपली उष्णता घरातल्या रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्याला देऊन पुन्हा द्रव होते. विजेचा एक भाग खर्चून उष्णतेचे साधारण तीन भाग पदरात पडतात. थंडी वाढली की हे प्रमाण उतरते.

या साऱ्यात पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचे ते एकच. रेडिएटरमधले पाणी किती तापवायचे हे यंत्र कशावरून ठरवते? आमच्याकडच्या जोडणीत ते घरातल्या कोणालाही विचारत नाही. घर ही संथ वस्तू आहे; आतली हवा गार झाल्याचे कळेपर्यंत भिंती थंडावलेल्या असतात आणि मग त्या तापवायला फार वेळ लागतो. म्हणून यंत्र बाहेरची थंडी पाहते आणि आधीच तजवीज करते. उत्तरेकडच्या भिंतीवर, जिथे ऊन पोचत नाही तिथे, एक छोटी प्लास्टिकची डबी असते, तिच्यात तापमानाचा सेन्सर. बाहेर अमुक अंश, तर पाणी तमुक अंश, अशी एक वक्ररेषा यंत्रात भरलेली असते. घरात खोलीचे तापमान सांगणारा दुसरा सेन्सरही बसवता येतो. आमच्या आधीच्या मालकाने तो बसवला नव्हता. सगळा भार एका साक्षीदारावर.

नोव्हेंबरात आई वाईहून आली. वडील गेल्यानंतरचा तिचा हा पहिला हिवाळा, आणि तो तिने तिकडे एकटीने काढू नये असा माझा हट्ट. तिला दिली ती उत्तरेकडची खोली, कारण तीच रिकामी होती. पहिले आठ दिवस तिने बर्फाचे कौतुक केले. नंतर ती स्वेटरवर शाल घेऊ लागली, मग शालीवर दुसरी शाल. डिसेंबरात इथे सहा तासांचाही दिवस नसतो. ती दुपारी दोनलाच पांघरुणात शिरून बसू लागली.

"घरात गारठा आहे गं," ती म्हणाली.

मी यंत्राच्या पडद्याकडे पाहिले. बाहेर अधिक एक. "आई, आज तर बाहेरसुद्धा शून्याच्या वर आहे. तुला सवय नाही, म्हणून वाटतंय."

दिवाणखान्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी एक तापमापक टांगलेला आहे. तो वीस अंश दाखवत होता. तो मी तिला नेऊन दाखवलाही. आजूबाजूला सदैव शेगडी, ओव्हन आणि माणसांचा वावर असलेला तापमापक उत्तरेच्या कोपऱ्यातल्या खोलीबद्दल काय सांगणार, हा विचार मला शिवला नाही. आई पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वाद घालण्याची तिची रीत म्हणजे गप्प बसणे. ती गप्प बसली.

मी मात्र गप्प बसले नाही. वय झाले की माणसाला थंडी अधिक वाजते, थायरॉइडचे काही असेल, रक्त कमी असेल, असे सगळे मी वाचून काढले आणि तिच्यासाठी एका खासगी दवाखान्यात वेळ घेतली. स्पष्ट लिहायचे तर, घरात एक सेन्सर बिघडला आहे असे मला वाटत होतेच. फक्त तो आई आहे असे मी धरून चालले होते.

तिने वाईची एक सवय इथेही आणली होती. रोज सकाळी खिडकीबाहेरच्या कठड्यावर पाखरांसाठी वाडग्यात पाणी ठेवायचे. जानेवारीतल्या एका दुपारी तिने मला हाक मारली. वाडग्यातले पाणी तळापर्यंत गोठून घट्ट झाले होते.

"सकाळी कोमट पाणी घातलं होतं मी. तुझं यंत्र काय म्हणतंय?"

यंत्र म्हणत होते, अधिक एक.

"मग हे का गोठलं?"

मी काय उत्तर दिले ते लिहायला लाज वाटते. मी तिला उष्णतेच्या उत्सर्जनाविषयी सांगितले. निरभ्र रात्री हवा शून्याच्या वर असतानाही उघडे पाणी आपली उष्णता आकाशाकडे सोडून गोठू शकते, हे खरेच आहे आणि ते मला ठाऊक होते. पण ती रात्र नव्हती, दुपार होती, आणि आकाश निरभ्र नव्हते, आठवडाभर ढगांनी झाकलेले होते. आपल्याला प्रिय असलेल्या संहितेतली विसंगती झाकण्यासाठी टीकाकार जी विद्वत्ता वापरतो, तिचाच हा मासला. आईने ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी तिने वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले, एकात 'पाणी' आणि दुसऱ्यात 'यंत्र', आणि रोज दुपारी एक वाजता नोंद करू लागली. पाच दिवसांनी ते पान तिने काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवले. पाचही दिवस पाणी गोठलेले. यंत्राचे आकडे एक, दोन, एक, शून्य, एक.

त्या दिवशी मी पहिल्यांदा फोनवर शहराचे तापमान पाहिले. उणे सहा. मग स्वयंपाकघरातला तापमापक काढून आईच्या खोलीत नेला आणि अर्धा तास थांबले. सोळा.

आता मला यंत्राचा राग आला, आणि रागात माणूस नीट वाचू लागतो असा माझा अनुभव आहे. मी पुस्तिका काढली. तिच्या शेवटच्या पानांत सेन्सरचे कोष्टक असते. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, तापमानाबरोबर ज्याचा विद्युतरोध बदलतो असा एक मण्याएवढा तुकडा. धातूंचा रोध तापल्यावर वाढतो. याचा उलट, थंडी पडली की वाढतो. सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा उलटा गुण मायकेल फॅरडेने १८३३ साली नोंदवला होता. आमच्या कोष्टकाप्रमाणे पंचवीस अंशांना दहा हजार ओहम, शून्याला सुमारे साडेतेहतीस हजार, उणे सहाला साडेसेहेचाळीस हजार, उणे पंधराला अठ्ठ्याहत्तर हजार. यंत्राला तापमान कधीच कळत नाही. त्याला कळतो तो हा रोध, आणि कोष्टक उलटे वाचून ते अंश छापते. पडद्यावरचा आकडा हा अनुवाद आहे, मूळ संहिता नव्हे.

मल्टीमीटर शेजाऱ्यांकडून आणला. यंत्राची वीज बंद करून सेन्सरच्या दोन तारा सोडवल्या आणि रोध मोजला. बत्तीस हजारांच्या आसपास. कोष्टकात पाहिले तर अधिक एक. म्हणजे अनुवाद बिनचूक होता आणि मूळ साक्षच खोटी होती. निदान तेव्हा तसे वाटले. स्टुलावर चढून मी भिंतीवरची डबी उघडली, सेन्सर सोडवून घरात आणला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. त्याने लगेच लाल दिवा लावला: बाहेरचा सेन्सर सापडत नाही.

इथे मी जरा थबकले, आणि वाचकानेही थबकावे. तार तुटली, रोध अनंत झाला, तर यंत्राला कळते. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, रोध शून्य झाला, तरी कळते. साक्षीदार मुका झाला किंवा असंबद्ध बरळू लागला की ते आरडाओरड करते. पण जानेवारीत उप्सालात अधिक एक अंश तापमान असू शकते. ते शक्यतेच्या कोटीत बसते. शक्यतेच्या कोटीत बसणारे खोटे पकडण्याची कोणतीही सोय त्या यंत्रात नव्हती, आणि माझ्यातही नव्हती. ती वाडग्यात होती.

सेन्सरची परीक्षा घेण्याची सर्वांत भरवशाची रीत जुनी आहे आणि ती याच गावातली आहे. अँडर्स सेल्सियस उप्सालात १७०१ साली जन्मला आणि १७४४ साली इथेच वारला. त्याचे वेधशाळेचे घर स्वार्टबेक्सगातान या रस्त्यावर अजून उभे आहे, भोवतालच्या दुकानांच्या रांगेशी थोडे तिरके; आईला मी ते पहिल्याच आठवड्यात दाखवले होते. १७४२ साली त्याने तापमापकावरच्या दोन अढळ बिंदूंविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक बिंदू म्हणजे वितळत्या बर्फाचे तापमान. ते अक्षांशाप्रमाणे बदलत नाही हे त्याने तपासून पाहिले होते. गंमत अशी की त्याच्या मूळ मापनात पाणी उकळण्याचा बिंदू शून्य होता आणि बर्फ वितळण्याचा शंभर. थंडी वाढली की आकडा वाढे, थेट आमच्या थर्मिस्टरसारखा. ती मोजपट्टी त्याच्या मृत्यूनंतर उलटवली गेली. आपण ज्याच्या नावाने अंश मोजतो त्याने ते आपल्यासारखे मोजलेच नव्हते. असो.

बर्फाला इथे तोटा नाही. पातेलेभर बर्फ, त्यात थोडे पाणी, नीट ढवळून; बर्फ आणि पाणी दोन्ही शिल्लक आहेत तोवर ते शून्य अंशावर राहते. पण त्या संध्याकाळी मी दमले होते. सेन्सर रेडिएटरवर ठेवला आणि झोपले. सकाळी तो पातेल्यात बुडवून मोजला तर साडेतेहतीस हजार. निर्दोष! दोनदा मोजले, तीनदा मोजले. सेन्सर परत डबीत बसवला, यंत्राने त्या दिवशी उणे पाच दाखवले, रेडिएटर तापले, आईच्या खोलीत संध्याकाळपर्यंत एकोणीस अंश झाले. कुठेतरी तार ढिली असेल, सोडवून बसवल्याने ती नीट झाली असेल, असे म्हणून मी प्रकरण मिटवले. तिसऱ्या दिवशी ओला बर्फ पडला आणि चौथ्या दिवशी यंत्र पुन्हा अधिक एकवर आले. दुरुस्तीवाल्यांना फोन केला. त्यांनी सेन्सर तपासला का विचारले; तपासला, ठीक आहे, असे मी छातीठोकपणे सांगितले. मग मुख्य सर्किटबोर्ड गेला असणार, असा त्यांचा निष्कर्ष. माझ्या साक्षीवरून काढला तर तोच निघणार. बोर्डाची किंमत ऐकून मी फोन ठेवला.

आई शेंगा सोलत बसली होती. "तू त्याला रात्रभर उबेला ठेवलंस आणि सकाळी विचारलंस, बरा आहेस का," ती म्हणाली. "तो बराच म्हणणार. जिथं दुखतं तिथं विचार त्याला."

मला पाच सेकंद काही सुचले नाही. मग आठवले ते हे, की सप्टेंबरपर्यंत मी दर रविवारी वाईला फोन करून तिला विचारत असे, कशी आहेस, आणि ती दर रविवारी बरी आहे म्हणत असे.

डबी आईच्या खिडकीपासून हातभर अंतरावर होती. खरे तर सेन्सर दारेखिडक्यांपासून दूर लावायचा असतो, आतली ऊब बाहेर झिरपून त्याला फसवू नये म्हणून. पूर्वीच्या मालकाने सोय पाहिली होती. (या ज्ञानाचा मी आधी दुरुपयोगही केला होता: फरक दिसलाच तर खिडकीच्या उबेमुळे असेल, असे स्वतःला समजावून.) आता तीच सोय कामी आली. खिडकी किंचित उघडून आईने कठड्यावर बर्फपाण्याचे पातेले ठेवले, मी बाहेरून सेन्सर न सोडवता, तसाच तारेसकट त्यात बुडवला, वीज बंद केली आणि आत यंत्रापाशी जाऊन मोजले. पंचवीस हजार. शून्य अंशाच्या बर्फात बसून तो साडेपाच अंश असल्याचे सांगत होता. मग डबीपाशी सेन्सर सोडवला आणि नुसती तार मोजली. तिच्यात काही दोष नव्हता. दोष सेन्सरमध्येच होता, फक्त तो ओला असताना.

भिंगाखाली पाहिले तेव्हा तार जिथे त्याच्या आवरणात शिरते तिथे केसाएवढी भेग दिसली. तिच्यातून ओल आत जाई आणि मण्याच्या दोन टोकांमध्ये विजेला एक चोरवाट मिळे. कागदावर मांडून पाहिले: साडेतेहतीस हजारांचे पंचवीस हजार व्हायचे, तर ती चोरवाट साधारण एक लाख ओहमची असली पाहिजे. आणि त्या एका आकड्यावरून सगळ्या वर्षाचा उलगडा झाला. उन्हाळ्यात पंचवीस अंशांना सेन्सरचा स्वतःचा रोध दहा हजारच असतो. प्रवाह राजमार्गाने जातो, चोरवाटेकडे फारसा वळत नाही, चूक जेमतेम दोन अंशांची. तेव्हा पंप बंदच, कोण पाहतो? शून्याला चूक साडेपाच अंशांची. उणे सहाला सातांची. उणे पंधराला तो उणे पाच म्हणाला असता, म्हणजे दहांची. जेव्हा त्याच्या साक्षीची गरज नव्हती तेव्हा तो जवळजवळ खरा होता, आणि थंडी जितकी अधिक तितकी त्याची थाप मोठी. कोरडा पडला की पुन्हा सज्जन.

पाठचिकित्सा शिकवताना आपण सांगतो की नकलाकाराच्या चुकीला दिशा असते. ती कोणत्या बाजूला झुकते हे कळले की मूळ पाठाकडे परत जाता येते. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हा त्यांच्यापुढे निव्वळ अडाणी चुका असत्या तर काम सोपे होते. कठीण असतात त्या अर्थपूर्ण चुका, ओवीत नीट बसणाऱ्या, वाचताना कुठेही न खटकणाऱ्या. ही तुलना यंत्राला फार मोठा मान देते हे मला कळते. पण त्या रात्री कोष्टक, मल्टीमीटर आणि आईच्या वहीचे पान समोर घेऊन बसले असताना मला बऱ्याच वर्षांनी खरोखर वाचन केल्यासारखे वाटले, आणि त्यातला निर्णायक पाठभेद माझा नव्हता.

नवा सेन्सर आठवड्याने आला. किंमत बोर्डाच्या मानाने नगण्य. तो खिडकीपासून लांब, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला लावला, तारेचे तोंड खाली करून, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत न शिरता खाली ठिबकेल. लावण्याआधी आईने तो स्वतः पातेल्यात बुडवून घेतला आणि तेहतीस हजार पाचशे हा आकडा वहीत लिहिला. नंतर दोन रात्री तो मुद्दाम ओल्या बर्फात पुरून ठेवला आणि पुन्हा मोजला. फरक पडला नव्हता.

दवाखान्यातली वेळ मी रद्द करणार होते. आई म्हणाली, घेतली आहेस तर जाऊन येऊ. थायरॉइड ठीक निघाले. हिमोग्लोबिन कमी होते, काळजी करण्याइतके नव्हे, पण थंडी वाजण्याइतके. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. परत येताना बसमध्ये ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती.

"म्हणजे तुझंही थोडं बरोबर होतं," ती म्हणाली.

मी तिला सांगितले की नव्हते. मी ते चुकीच्या कारणाने म्हटले होते. तिने मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते मला कळले नाही, आणि पिशवीतून गोळ्यांचे पाकीट काढून त्यावरचे स्वीडिश अक्षर न् अक्षर मला वाचून दाखवायला लावले.

मार्चच्या अखेरीस ती वाईला परतली. वही इथेच आहे. वाडगा मी अजून कठड्यावर ठेवते.